तंबोऱ्याचा भोपळा आमचा, मैफल कुणाची?

मिरजेच्या तंबोऱ्याला लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या रानात पिकतो. त्या तंबोऱ्याच्या साथीने रंगलेली मैफल मात्र परत त्या रानात पोचेल की नाही, अशी आता शंका येते. आकाशवाणीने १९५२ साली शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला, १९५४ साली संगीत संमेलन. निमंत्रित श्रोत्यांपुढे झालेलं गाणं ध्वनिमुद्रित करायचं आणि मग रात्री साऱ्या देशाला ऐकवायचं, अशी ही पद्धत. रात्रीच्या विजेवर दारं धरायला गेलेला माणूस बांधावर ट्रान्झिस्टर ठेवून हेच ऐकायचा. तिकीट नाही, मानपान नाही. राग ओळखता येत नसेल, पण जमलेलं गाणं कुणालाही कळतं.

गेल्या काही वर्षांत मध्यम लहरींची अनेक प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद झाली. एफएम लांबवर पोचत नाही. मोबाईलवर ऐका म्हणतात. अहो, रानात रेंज कुठाय? तेव्हा उरलेले केंद्र बंद करण्याआधी त्या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींना विचारावे. सरपंच मंडळींनीही वाट न पाहता ग्रामसभेचा ठराव करून आकाशवाणीकडे धाडावा. आणि संमेलनाची एखादी मैफल मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या गावी, भोपळा पिकवणाऱ्यांना पुढे बसवून व्हायला काय हरकत आहे?