फ्रेममागची ओल

फ्लॅट विकायला काढला तेव्हा एजंट पहिल्याच दिवशी घरभर फिरला. म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक पहिल्या पाच मिनिटांत मन बनवतं." मग त्याने यादीच सांगितली. माळ्यावरचे डबे हलवा, जाड पडदे उतरवा, पिवळे बल्ब बदला, गळके नळ आणि करकरणारी दारं नीट करा. सगळं पटलं. पाहुणे येणार म्हणून घर आवरतोच की आपण!

शेवटी तो दिवाणखान्यातल्या आयतुल कुर्सीच्या फ्रेमकडे बघून म्हणाला, "ही काढा. सगळ्या समाजाचे लोक बघायला येतात."

शेजाऱ्यांना गणपतीचा फोटो काढायला सांगितला असता का, असं मी विचारलं. तो नुसता हसला. वाईट वाटलं. पण घर विकताना आपल्या खुणा उतरवाव्याच लागतात, अशी मनाची समजूत घालून मी फ्रेम काढली.

मागे हातभर ओल होती. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी झिरपत होतं. एजंटने भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "मग राहू द्या फ्रेम तिथेच."

इथे मात्र मी अडले.

शाळेत तपासणी असली की आम्हीही गिलावा उडालेल्या जागी तक्ते लावतो. साहेब एक दिवस येऊन जातात. तक्ता उतरला की मुलांना तीच भिंत वर्षभर बघावी लागते. घर घेणाऱ्याचंही तसंच. तो तर वीस वर्षं हप्ते भरणार.

धान्याच्या ढिगाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पैगंबरांनी (स.) बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतलं धान्य ओलं लागलं. ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं. फसवणारा आमच्यातला नव्हे, असंही बजावलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा. त्याचं कलम ५५ वेगळं काय सांगतं? विक्रेत्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष त्याने सांगितलाच पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे : घर जरूर सजवा. उजेड येऊ द्या, पसारा काढा, रंग द्या. पण रंग देण्याआधी गळती काढा. ज्या सजावटीमागे काय आहे हे सांगायला जीभ अडखळते, ती सजावट नव्हे. आणि त्यासाठी अल्लाहचं कलाम भिंतीवर टांगायचं? ते माझ्याने होणार नव्हतं.

वरच्या कुटुंबाशी बोलून बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, खर्च अर्धा-अर्धा. भिंत वाळू दिली, मगच रंगवली. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगितलं. पहिलं गिऱ्हाईक ऐकूनच परत गेलं. एजंट चिडला.

दुसऱ्याने फक्त विचारलं, "दुरुस्तीची पावती आहे का?"

ती मी फाईलमध्ये सर्वात वर ठेवली होती.