सारखं की साजेसं?

गेल्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटताना आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “धाकटी वेळापत्रक लावून वहीत गणितं सोडवते आणि थोरला कालव्यावर हिंडतो, असं ऐकलं. अगं, आईने मुलांमध्ये असा भेद करू नये.” त्यांना मनापासून काळजी वाटत होती. मी घाईत काहीतरी अर्धवट बोलले आणि ते मनात टोचत राहिलं. त्यांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर मी इथे लिहिते आहे. माझी दोन्ही मुलं शाळेत न जाता घरीच शिकतात, पण ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनीही ते वाचावं, कारण मुलांना घरी शिकवण्याचं काम मंडळातल्या प्रत्येक घरात चालतं. मराठी तर आपण सगळेच घरी शिकवतो.

दोन मुलांपुढे एकच धडा एकाच तऱ्हेने ठेवला, तर त्यांतल्या एकावर तरी अन्याय होतो. घरी शिकवताना तो टाळणं आपल्या हातात असतं. टाळला नाही, तर मुलांना घरी ठेवण्यात काही अर्थच उरत नाही.

इंग्लंडमध्ये मुलाला साजेसं शिकवण्याची गोष्ट कायद्यातच आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. १९९६च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम पालकांना मुलाला शाळेत घालाच असं सांगत नाही. मुलाचं वय, कुवत आणि कल यांना साजेसं, पूर्ण वेळेचं आणि परिणामकारक शिक्षण त्याला मिळवून द्या, असं सांगतं. त्याच्या काही विशेष गरजा असतील तर त्यांनाही ते साजेसं हवं. हे शिक्षण शाळेत जाऊन मिळो, ‘किंवा अन्यथा’. हा ‘अन्यथा’ १९४४च्या कायद्यापासून चालत आला आहे. घरी शिकवणाऱ्या पालकांनी १९७७ साली संघटना काढली तेव्हा तिच्या नावातच तो घेतला: एज्युकेशन अदरवाइज. घरी शिकवताना राष्ट्रीय अभ्यासक्रम पाळण्याचं बंधन नाही, वेळापत्रकाचं नाही. साध्या शाळेतून मुलाला काढायचं तर मुख्याध्यापकांना पत्र दिलं की पुरतं. स्कॉटलंडमध्ये बहुतेक वेळा आधी संमती घ्यावी लागते. जर्मनीत तर शाळेत जाणंच सक्तीचं आहे, त्यामुळे तिथल्या मराठी कुटुंबांना हा रस्ता जवळजवळ बंदच. आणि आपल्या इथल्या कलमातलं ते वाक्य एकवचनी आहे. कुवत ‘त्याची’, कल ‘त्याचा’. दोन भावंडांची सरासरी काढायला कायदा सांगत नाही.

एवढी मोकळीक असताना आम्ही काय केलं? तीन वर्षांपूर्वी दोघांना शाळेतून काढलं, तेव्हा थोरला नऊ वर्षांचा होता आणि धाकटी सहाची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शाळाच भरवली. सकाळी नऊला सुरुवात. एकाच संचातली पुस्तकं, फक्त इयत्ता वेगळ्या. दोघांना सारखा वेळ, सारख्या वह्या, सारखी शाबासकी. नोव्हेंबर उजाडेपर्यंत थोरला वही पाहिली की पोट दुखतं म्हणायला लागला होता. धाकटीची पानं भराभर भरत होती आणि ती कंटाळून गेली होती. मी रात्री बारापर्यंत तपासत बसायची आणि चिडायची मुलांवर. शाळेत ज्या गोष्टीला कंटाळून मुलं बाहेर पडली, तीच मी घरात आणून मांडली होती, आणि तिथे निदान मधली सुट्टी तरी होती.

इथल्या जुन्या, अनुभवी पालकांत एक अंदाज सांगितला जातो: मूल जितकी वर्षं शाळेत गेलं असेल, तितके महिने त्याला शाळा विसरायला द्या. मला तो वेळ फुकट घालवल्यासारखा वाटायचा. आता वाटतं, तो वेळ मुलांपेक्षा आईबापांना हवा असतो, मुलाकडे नीट पाहायला.

आम्ही रेडिंगला राहतो. इथून ब्रिस्टलपर्यंत केनेट अँड एव्हन कालव्याचा मार्ग जातो, ८७ मैलांचा. त्या हिवाळ्यात शेवटी मीही अभ्यास बंदच ठेवला, म्हणून रोज कालव्याकाठी चालायला जायचो. होडी लॉकमध्ये शिरते, मागची दारं बंद होतात, झडपा उघडल्या की पाणी चढतं आणि होडी वर येते. थोरला ते तासन्‌तास पाहायचा. पंप कुठे आहे, हा त्याचा पहिला प्रश्न. पंप नाही, वरचं पाणी नुसतं खाली येतं, हे त्याला पटेना. मग त्याने बादली, प्लास्टिकची नळी आणि दोन डबे घेऊन बागेत स्वतःचं लॉक केलं. ते गळलं, पुन्हा केलं. पाण्याची पातळी, दाब, घनफळ हे शब्द मी त्यानंतर आणले, म्हणजे गोष्ट समजून झाल्यावर. आधी शब्द, मग व्याख्या, मग स्वाध्याय असा माझा क्रम होता. त्याच्यासाठी तो उलटा करावा लागला.

वसंतात आम्ही डिव्हायझेसला गेलो. तिथे केन हिलवर २९ लॉक आहेत आणि दोन मैलांत कालवा २३७ फूट चढतो. मधली १६ लॉक टेकडीवर सरळ रेषेत, देवळाच्या पायऱ्यांसारखी. ती इतकी जवळजवळ आहेत की दोन लॉकांच्या मध्ये पुरेसं पाणी साठवायला जागाच नाही, म्हणून बाजूला आडवी तळी खोदलेली आहेत. एक लॉक सरासरी किती फूट उचलत असेल, हे त्याने टेकडीवरच मनात काढलं: आठांहून थोडं जास्त. हाच मुलगा घरी भागाकाराच्या पानावर डोकं ठेवून रडला होता. परतताना इतिहास त्यानेच विचारून घेतला. जॉन रेनीने हा कालवा बांधला, १८१०मध्ये तो पूर्ण झाला, पुढे रेल्वे आली आणि १८५२मध्ये रेल्वे कंपनीनेच तो विकत घेतला. मग मोडकळीला आलेला कालवा लोकांनी खपून दुरुस्त केला आणि १९९०मध्ये तो पुन्हा खुला झाला. रेल्वेने कालवा विकत का घेतला असेल, यावर आम्ही गाडीत तासभर वाद घातला. अर्थशास्त्राचा इतका चांगला तास मला पुस्तकातून घेता आला नसता.

इथे थांबले असते तर मी दुसरी चूक केली असती, आणि काही दिवस केलीही. थोरल्याचं फुललेलं तोंड पाहून मी ठरवून टाकलं की मुलांना मोकळं सोडणं हीच खरी पद्धत. टेबल गेलं, वेळापत्रक गेलं. दोनच आठवड्यांत धाकटीने एका कागदावर चौकोन आखले आणि माझ्यापुढे धरले. “आई, सोमवारी काय आहे ते इथे लिही.” आज काय होणार हे ठाऊक नसलं की तिला दिवस कोसळल्यासारखा वाटतो. तिला क्रम आवडतो, पान संपल्याची खूण करायला आवडते. केन हिलवर तिने पाण्याकडे पाहिलंही नाही. लॉकचे क्रमांक लिहून काढले आणि प्रत्येकापुढे कुठला पक्षी दिसला ते टिपलं. तिच्यावर मोकळेपणा लादणं हेही सारखंच शिकवणं होतं. फक्त या वेळी साचा थोरल्याचा होता.

मुलाला साजेसं शिकवायचं म्हणजे त्याच्या कपाळावर शिक्का मारायचा, असा एक समज आपल्याकडे पसरला आहे. हा पाहून शिकणारा, ही ऐकून शिकणारी, तो हाताने करून शिकणारा. चाचण्या मिळतात, लोक त्यावर पैसे घालवतात. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली या कल्पनेमागचं संशोधन तपासलं, तेव्हा अशा शिक्क्यांप्रमाणे शिकवल्याने मुलं अधिक चांगलं शिकतात याला पुरेसा आधार त्यांना सापडला नाही. मला ते अनुभवाने पटतं. माझा मुलगा ‘हाताने शिकणारा’ नाही. बुद्धिबळाचं पुस्तक तो तीन तास न हलता वाचतो. लॉकच्या बाबतीत त्याला आधी काय ठाऊक होतं आणि कुठे अडलं, एवढंच मी पाहिलं होतं. मुलाला साजेसं करायचं तर याच दोन गोष्टींकडे लक्ष हवं: त्याला काय येतं आणि त्याचं घोडं नेमकं कुठे अडलं आहे. दर धड्याला ते वेगळं असतं. म्हणून मुलांजवळ बसावं लागतं. त्याला दुसरा उपाय नाही.

आपल्या मराठीतलंच उदाहरण घ्या. इंग्रजीत वाढलेल्या मुलाला आपले आकडे छळतात. इंग्रजीत विसाच्या पुढे दशक आधी बोलतात, एकक नंतर, आणि लिहितातही तसंच. आपण ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना पाच आधी. धाकटी त्रेपन्न ऐकून ३५ लिहायची. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ असं वाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, ते तुम्हाला आठवत असेल. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांची जी थट्टा झाली तिचं मला फार वाईट वाटलं, कारण अडखळणाऱ्या मुलाला आधार म्हणून दिलेली ती काठी होती. धाकटीला मी तीच दिली. चार महिने ती ‘पन्नास तीन’ म्हणाली, मग आपोआप ‘त्रेपन्न’वर आली.

थोरल्याला ती काठी नको होती. केन हिलवर आजोबा फोनवर म्हणाले, “एकोणतीस लॉक!” आणि त्याने विचारलं, एकोणतीस म्हणजे तीस का नाही? एक उणा तीस, हे कळल्यावर तो खुलला. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद अशी साखळी त्याने जुळवली आणि नव्व्याण्णवला येऊन अडला. तिथे नियम का मोडतो, हे तो अजून सगळ्यांना विचारत असतो. एकच धडा, मुक्कामही एकच. धाकटीला पायऱ्या लागल्या, थोरल्याला कोडं.

काकूंच्या मनातली दुसरी शंका मला ओळखू येते: जग काही यांच्या सोयीने चालणार नाही, मग आतापासून लाड कशाला? जग सोयीने चालत नाही, हे खरं. थोरल्याला सोळाव्या वर्षी परीक्षा द्यावीच लागेल, बाहेरून बसून, आमच्या खर्चाने. बरीच घरं आयजीसीएसई ही परीक्षा निवडतात, कारण त्यातले अनेक विषय निव्वळ लेखी परीक्षेवर भागतात. तिथे त्याला बसून लिहावंच लागेल. म्हणून लिहिण्यातून मी त्याची सुटका केलेली नाही. आधी तो सांगायचा आणि मी लिहायची. मग त्याने सांगितलेल्यातली तीन वाक्यं तो स्वतः लिहू लागला. आज एक पान लिहितो, कुरकुरत का होईना. मुक्काम तोच ठेवून रस्ता बदलला, तर तो लाड होत नाही. मुक्कामच बदलला, तर मात्र होतो, आणि घरी शिकवणाऱ्यांकडून तसं घडतं हे मी नाकारणार नाही. आपल्याला अवघड जाणारा विषय ‘मुलाचा कल नाही’ म्हणून सोडून देणारे आईबाप मी पाहिले आहेत.

प्रत्येकासाठी सगळंच वेगळं करायला गेलं तर आई आजारी पडेल, हेही खरं. आमच्याकडे वाचन, लेखन आणि गणित एवढंच वेगळं असतं. इतिहास, विज्ञान, गोष्टी, चित्रं, फिरणं सगळं एकत्र. त्यातून जो तो आपल्याला झेपेल ते उचलतो. आमटीत तिखट घालायच्या आधी लहानासाठी वाटीभर बाजूला काढून ठेवतो ना, तितकंच वेगळेपण. त्यासाठी कुणी दोनदा स्वयंपाक करत नाही.

ही कल्पना परदेशातली नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी राबल्या. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती. त्या मुलांना आळशी न ठरवता त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. मुलाच्या दिवसाला शाळेने जुळवून घ्यायचं, हे आपल्याच माणसांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात करून दाखवलं आहे.

म्हणून मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाबद्दल मला एक मागणी करायची आहे. आज आपण मुलांना वयाप्रमाणे बसवतो. आजीजवळ वाढलेली, अस्खलित बोलणारी पण अक्षर न ओळखणारी आठ वर्षांची मुलगी आणि अक्षरं गिरवू शकणारा पण ‘पाणी दे’ म्हणता न येणारा आठ वर्षांचा मुलगा एकाच बाकावर, एकाच पानावर. तिला ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतला च वेगळा आहे हे जिभेला ठाऊक आहे; त्याला ते कुणीतरी ऐकवायला हवं. दोघंही सहा महिन्यांत येईनासे होतात आणि आपण म्हणतो, मुलांना मराठीत रस नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी पुस्तकं वाटू नयेत. प्रत्येक मुलाशी दहा मिनिटं मराठीत बोलावं, एक गोष्ट वाचून दाखवावी, एक ओळ लिहायला द्यावी आणि कोण कुठे अडतं ते टिपावं. चार पालक मिळाले तर हे एका सकाळीत होईल. मी एक. गट त्यावरून पाडू आणि पुस्तकं दुसऱ्या रविवारी वाटू.