गावाची वीज कारागिराच्या मोटारीपर्यंत पोहोचावी

गावाने आपली वीज आपणच तयार करावी, ही गोष्ट आता केवळ भाषणातली राहिलेली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरातमधील मोढेरा हे चोवीस तास सौर विजेवर चालणारे गाव म्हणून जाहीर झाले. 2024 मध्ये सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी आपल्या राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. त्याच वर्षी 5 ऑक्टोबर रोजी वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथील कार्यक्रमात पंतप्रधानांनी पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण केले. त्यात आमच्या नांदेड जिल्ह्यातील बामणी बुद्रुकचा 5 मेगावॅटचा प्रकल्पही होता. हे सारे स्वागतार्ह आहे. तरीही उमरीसारख्या बाजारपेठेत कापडाचा धंदा करणाऱ्या आम्हांला एक प्रश्न पडतो. या हिशेबात शिंप्याची, पिंजाऱ्याची आणि छोट्या दुकानदाराची वीज कोठे बसते?

सरकारच्या दोन मोठ्या योजना पाहा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत छपरावर 3 किलोवॅटचे पॅनल बसवले तर 78 हजार रुपये अनुदान मिळते, पण ते राहत्या घरासाठी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची वीज शेतीच्या वाहिन्यांसाठी आहे, म्हणजे शेतकऱ्याला दिवसा पाणी देता यावे. दोन्ही योजना गरजेच्या आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु घर आणि शेत यांच्यामध्ये गावाचा तिसरा भाग असतो, तो म्हणजे कामाची जागा. तेथील मीटर बहुधा व्यापारी दराचे असते, युनिट घरापेक्षा महाग पडते आणि सूर्यघरचे अनुदान तेथे लागू होत नाही.

हा मुद्दा लहान समजू नये. आमच्या भागात कापूस पिकतो, त्याची सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात आणि माल बाहेर जातो. तयार कपडा मात्र भिवंडी, इचलकरंजी आणि सुरतेहून परत येतो. नांदेडची उस्मानशाही मिल बंद पडली, तशी मोठी गिरणी पुन्हा येईल ही आशा आता कोणी धरत नाही. यापुढे जो रोजगार उभा राहील तो अर्ध्या-एक हॉर्सपॉवरच्या मोटारींवरच. गावात दिवे लखलखले आणि हुनर हाती असलेला मुलगा कामासाठी हैदराबाद-पुण्याची गाडी धरून गेला, तर त्या स्वावलंबनात बरकत कोठली?

बिहारमधील धरनई गावाचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 2014 मध्ये तेथे 100 किलोवॅटची सौर व्यवस्था उभी राहिली, देशभर गाजावाजा झाला. पण वीज महाग, जास्त भार चालेना, पुढे सरकारी वीज गावात आली आणि बॅटऱ्या थकल्या. काही वर्षांतच ती व्यवस्था बंद पडली. भार किती, दुरुस्ती कोण करणार आणि पैसा कोठून येणार, हे आधी ठरले नाही तर पॅनल शोभेचे राहतात.

म्हणून व्यापारी बंधूंनी हिशेब स्वतः मांडावा. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट छत लागते आणि दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. 3 किलोवॅटचे 300 दिवसांत 3,600 युनिट होतात. दुकानाचा युनिट 10 रुपयांना पडत असेल तर 36 हजारांची बचत होते. खर्च किलोवॅटला 50 ते 60 हजार धरला तरी साधारण चार-पाच वर्षांत रक्कम वसूल होते. शिवाय आपले काम दिवसाचे आणि सूर्यही दिवसाचाच. जी वीज तयार होईल ती तेथेच खपेल.

मात्र तीन गोष्टी तपासूनच पैसा घालावा. पहिली, आधी खप कमी करावा. शिलाई यंत्राची जुनी क्लच मोटर सुई थांबली तरी फिरतच राहते, सर्वो मोटर पाय दाबल्यावरच फिरते. दुसरी, नेट मीटरचे साधे पॅनल लाईन गेली की आपोआप बंद होते. लाईन नसतानाही काम चालवायचे असेल तर बॅटरी आणि त्याला साजेसा इन्व्हर्टर लागतो. तिसरी, पिंजण्याचे यंत्र किंवा पिठाची गिरणी सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तो भार न मोजता इन्व्हर्टर घेऊ नये.

भांडवलाचा प्रश्न उरतो. व्याजाच्या कर्जापासून दूर राहणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी भाड्याची वाट आहे. ज्याच्याजवळ रक्कम आहे त्याने कारागिराच्या छपरावर पॅनल बसवावे आणि ठरलेले मासिक भाडे घ्यावे. भाडे बिलातील बचतीपेक्षा कमी असावे, आणि मुदत व दुरुस्तीची जबाबदारी कागदावर लिहिलेली असावी. दोघांचाही फायदा आहे.

सरकारकडे आमची मागणी एकच आहे. सूर्यघर योजनेतच प्रत्येक जिल्ह्यातील एका गावाला आदर्श सौरग्राम म्हणून 1 कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. पाच हजारांवर वस्तीची गावे त्यात उतरतात. अशा गावांत शिंपी, पिंजारी, सुतार, गिरणीवाला असतातच. निवड करताना घरांबरोबर त्यांच्या मोटारीही मोजाव्यात. आणि ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा आपण दुकान उघडे ठेवून गैरहजर राहू नये. यादी तयार होते त्या दिवशी जो समोर नसतो, त्याचे नाव नंतर कोणी लिहीत नाही.