हलत्या चित्राचा सांगाडा : आधी बोली, मग काम



आजकाल धुळे काय आणि जळगाव काय, कापड दुकानदार गिऱ्हाइकांना मोबाईलवर हलत्या चित्रांच्या जाहिराती पाठवू लागले आहेत. मीही रमजानच्या हंगामासाठी जळगावच्या एका तरुणाकडून अशी एक जाहिरात करून घेतली. गळ्यात टेप घातलेला शिंपीचाचा हात हलवून बोलावतो आणि तागा उलगडून दाखवतो. लोकांना चाचा आवडला. पुढे लग्नसराईत त्याच चाचाच्या हाती शालू द्यावा म्हणून चौकशी केली, तर तो तरुण पुण्याला निघून गेलेला. दुसऱ्या कारागिराने विचारले, "मूळ फाइल कुठे आहे?" माझ्याजवळ फक्त तयार फिल्म होती. मूळ फाइल मी कधी मागितलीच नव्हती. सगळे काम पहिल्यापासून करावे लागले आणि पैसेही दुसऱ्यांदा मोजावे लागले. चूक माझीच होती. पण त्यातून मिळालेला धडा आपल्यापुढे ठेवणे जरूर वाटते.

आधी हे काम होते कसे ते पाहू. शिंपी सदरा बेततो तसा हा कारागीर माणूस बेततो. डोके, धड, दंड, कोपरापुढचा हात, पंजा, मांडी, पोटरी, पाऊल असे तुकडे तो वेगवेगळ्या थरांवर काढतो. सांध्यापाशी दोन्ही तुकड्यांची टोके गोल ठेवून एकावर एक चढवतो. मुंढ्याला मार्जिन सोडले नाही तर हात वर करताच बाही उसवते, तशीच इथे सांध्यात फट पडते. मग प्रत्येक तुकडा कोठून फिरेल तो बिंदू ठरतो. दंड खांद्यातून फिरतो, पुढचा हात कोपरातून. शेवटी पंजा पुढच्या हाताला, तो दंडाला आणि दंड धडाला बांधला जातो. खांदा हलला की पंजा त्याच्यामागे जातो. आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरला ड्युइक नावाचे फुकट मिळणारे अवजार जोडले, तर उलटेही साधते. पंजा धरून ओढावा आणि कोपर आपोआप वाकावे! या सगळ्या जोडणीला रिगिंग म्हणतात. आपण तिला सांगाडा म्हणू.

हलवणे त्यानंतर. सेकंदाला 25 चित्रे धरली तर 30 सेकंदांची 750 होतात. कारागीर सुरुवातीची व शेवटची अवस्था ठरवतो, मधली चित्रे यंत्र भरते. मात्र हालचाल कोठे संथ आणि कोठे जलद, हे माणसालाच ठरवावे लागते. नाहीतर चाचा मागावरच्या धोट्यासारखा खटाखट हलतो.

हे हुनर संगणकाने जन्माला घातलेले नाही. जर्मनीच्या लॉटे रायनिगर या बाईंनी अलिफ लैलाच्या कथांवरून शहजादा अहमदचा बोलपट नव्हे, मूकपट 1926 साली पुरा केला. काळा पुठ्ठा आणि शिशाचा पत्रा कापून, सांधे तारेने जोडून, एकेक फोटो घेत त्यांना 3 वर्षे लागली. आपल्या कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चामड्याच्या सपाट बाहुल्या पडद्यामागे नाचवतात. ती कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

आता मुद्द्याचे. खरी मेहनत सांगाड्यात असते. जकार्डचे पत्ते एकदा पाडले की त्यावर किती मीटर माल विणावा याला हद्द नसते. सांगाड्याचे तसेच आहे. तो भांडवल आहे, फिल्म हा त्यातून निघालेला एक तागा. आपण तागा विकत घेतो आणि पत्ते आपलेच झाले असे समजतो. कारागीर समजतो, पत्ते माझे. दोघेही तोंडाने काही बोलत नाहीत आणि पुढे तंटा होतो.

म्हणून काम सुरू होण्याआधी एक कागद करावा. त्यात सांगाड्याची किंमत वेगळी, फिल्मची वेगळी लिहावी. मूळ फाइल मिळणार की नाही, चित्राचा हक्क कोणाचा, पुढचा बदल कोणत्या दराने, हेही लिहावे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर कागद लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर 5 वर्षे धरतात, मुलूख लिहिला नाही तर फक्त भारत.

दुकानदारांनीही इन्साफ करावा. "चार रेघा तर ओढायच्या" म्हणून मजुरी पाडू नये. त्या सॉफ्टवेअरचे भाडे कारागिराला भरावे लागते. चोरीच्या प्रतीवर काम करून स्वस्त देणाऱ्याच्या नादी लागू नये. ज्या मुलांना भाडे झेपत नाही त्यांनी सिनफिग, ओपनटून्झ किंवा ब्लेंडरवर हात बसवावा. ती फुकट आणि कायदेशीर आहेत.

कोणी म्हणेल, आता एआय हे सगळे क्षणात करून देते. देते खरे, पण दर खेपेस तोच चाचा, तोच चेहरा मिळेल याचा भरवसा नाही. गिऱ्हाईक ओळखते ते त्या चेहऱ्याला.

सदरा बेतणाऱ्या घरातल्या मुलांना सांधा कोठे वळतो हे शिकवावे लागत नाही. हा धंदा त्यांना जमण्यासारखा आहे. तो टिकायचा असेल तर आधी बोली पक्की करा, मग कामाला हात घाला.