संपावरचा डॉक्टर आणि त्याची हजेरी

मोठं दुखणं आलं की कुरुंदवाडातून आपण मिरज-सांगलीचं सिव्हिल गाठतो, नाहीतर कोल्हापूरचं सीपीआर. तिथे रात्री-अपरात्री आपल्याला तपासणारे तरुण डॉक्टर बहुतेक निवासी डॉक्टर असतात. एमबीबीएस होऊन पुढे तीन वर्षं एमडी-एमएस शिकणारे. विद्यावेतनावर राबतात म्हणून कामगार, परीक्षा द्यायची म्हणून विद्यार्थी. ते संपावर गेले की ओपीडी थांबते. आपलं एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी बुडते. राग येतो. आम्हालाही येतो.

पण केंद्राच्या 1992 च्या निवासी योजनेत आठवड्याला 48 तास काम लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात एकेक ड्युटी दीड दिवस लांबते. 9 ऑगस्ट 2024 ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यानंतर 13 ऑगस्टपासून ‘मार्ड’ने महाराष्ट्रात काम थांबवलं. तातडीची सेवा मात्र चालू ठेवली.

गिरणीमालक संपकऱ्याचा पगार कापायचा. इथे हजेरीची भीती त्याहून मोठी. 80 टक्के हजेरी भरली नाही किंवा प्रबंध वेळेत गेला नाही, तर परीक्षाच पुढे जाते. ड्युटी लावणारे आणि प्रबंधावर सही करणारे पुष्कळदा एकच. कर्ज काढून शिकवलेली आपल्या वस्तीतली पोरगी सहा महिने मागे पडली तर हप्ते कोण भरणार? ती तोंड उघडेल का? मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या आदिवासी डॉ. पायल तडवी 2019 साली गेल्या. वरिष्ठांवर जातीवरून छळल्याचा खटला झाला. आपण ते विसरलेलो नाही.

1938 साली मुंबई विधिमंडळात औद्योगिक कलह विधेयकाला विरोध करताना बाबासाहेबांनी संपाच्या हक्काला स्वातंत्र्याचाच हक्क मानलं आणि 7 नोव्हेंबरला संपही घडवला. शिकणारा कामगार त्यातून वगळायचं कारण आम्हाला दिसत नाही.

आमचं म्हणणं एवढंच: संपाचे दिवस गैरहजेरीत धरू नयेत, प्रबंधाची मुदत तेवढी वाढवावी. बुडालेलं शिक्षण मात्र भरून घ्यावंच. अर्धवट शिकलेला सर्जन उद्या आपल्याच लेकराच्या पोटावर सुरी ठेवणार आहे! आणि हे सगळं कॉलेजने संपाआधी लिहून द्यावं. नंतर साहेबाच्या मर्जीवर नको.

संप असला तरी बाळंतपण, सर्पदंश, अपघात यांसाठी घरी थांबू नका, थेट अपघात विभागात जा. टीबी, बीपी, साखरेच्या गोळ्या संपण्याआधीच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणून ठेवा.