विक्रम म्हणे विक्रम!

‘कच्चा माल विकणाऱ्या देशांचे दिवस पालटले,’ असं परवा एका परिसंवादात छातीठोकपणे सांगण्यात आलं. पुराव्यादाखल पडद्यावर कोकोच्या भावाचा आलेख होता, २००० पासून डिसेंबर २०२४ पर्यंतचा. कारखान्यातल्या मालाच्या तुलनेत कच्चा माल स्वस्तच होत जातो असं मांडणाऱ्या प्रेबिश आणि सिंगर या अर्थतज्ज्ञांना आता पेन्शनीत काढायला हरकत नाही, असा विनोदही झाला. सभागृह हसलं. या सदराच्या जुन्या वाचकांना माझा ठरलेला प्रश्न पाठ असेल: आलेख सुरू कुठून होतो?

२००० च्या अखेरीस कोको टनाला हजार डॉलरच्याही खाली होता. तिथून मोजलं, की डिसेंबर २०२४ चा बारा हजारांपुढचा भाव आभाळाला भिडलेला दिसणारच. आता तीच रेघ १९७७ पासून ओढा. त्या वर्षीच्या जुलैत न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोने ५,३०० डॉलर ओलांडले होते. अमेरिकेतली महागाई धरली तर तेव्हाचा एक डॉलर आजच्या पाचांच्या बरोबरीचा, म्हणजे तो भाव आजच्या हिशेबाने सव्वीस हजारांच्या घरात जातो. ज्याचा ‘विक्रम’ म्हणून डंका पिटला गेला, तो सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच्या भावाच्या निम्माही भरत नाही. मीही सोयीचं वर्ष निवडलं म्हणाल. म्हणा. मी शिखरापुढे शिखर ठेवलंय, त्यांनी शिखरापुढे खड्डा ठेवला.

शतकभराचा हिशेब ग्रिली आणि यांग या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्येच मांडलाय. १९०० ते १९८६ या काळात कारखान्यातल्या मालाच्या तुलनेत कच्च्या मालाचे भाव वर्षाला साधारण अर्धा टक्का घसरत गेले. त्या आकड्यांवर पुढे बरीच घासाघीस झाली. तेल धरलं की घसरण जरा कमी दिसते, हेही खरं. पण कोको पिकवणारा तेलाची विहीर राखून बसलेला नसतो.

त्याच्या हाती काय पडलं? घानाचंच बघा: कोयत्याने बोंड फोडायचं, गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायच्या आणि पोती भरायची. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ६४ किलोच्या पोत्याला ३,००० सेडी (घानाचं चलन) ठरवून दिले. टनाला ते तीन हजार डॉलरच्या आसपास जातात. डिसेंबरात न्यूयॉर्क बारा हजारांवर होतं. मधल्या नऊ हजारांतलं सगळं कुणी खाल्लं असंही नाही: घानाचं सरकारी कोको मंडळ पीक आगाऊ विकतं, आणि आदल्या हंगामात न पुरवता आलेला माल जुन्याच भावाने पुढे ढकलला गेला होता. विदर्भातल्या ज्यांनी सरकारची एकाधिकार कापूस खरेदी भोगलीय, त्यांना ही तऱ्हा समजावून सांगायला नको. भाव मंडळ ठरवणार आणि माल रात्री सीमेपलीकडे जाणार. १९७७ मध्येही घानाचा कोको असाच चोरवाटांनी शेजारच्या आयव्हरी कोस्टात जात होता.

बरं, भाव चढले कशामुळे? चॉकलेट खाणाऱ्यांचं मन अचानक मोठं झालं म्हणून नव्हे. झाडं म्हातारी झाली, फांद्या सुजवणारा विषाणू पसरला, पाऊस बिनसला. आणि घानात सोन्याचे भाव चढल्यावर कोकोच्या बागा उकरून बेकायदा खाणी सुरू झाल्या. एका कच्च्या मालाची तेजी दुसऱ्याच्या मुळावर उठली. विकायला पीकच कमी, तेव्हा भाव चढले. यालाच आमचे पंडित ‘दिवस पालटले’ म्हणतात. मग दुष्काळी साल म्हणजे सुवर्णकाळच म्हणायचा!

२०२५ मध्ये भाव निम्म्यावर आलेच. चॉकलेटवाल्यांनी वड्या बारीक केल्या, काहींनी कोकोच्या जागी दुसरी चरबी घातली. तिकडे इक्वेडोरमध्ये लागवड वाढतेय. कोकोचं झाड तीन-चार वर्षांत फळाला येतं.