डॉलरने गुणू नका, हजेरीने भागा



"डॉक्टर, अमेरिकेत इन्सुलिनची एक बाटली वीस-बावीस हजाराला आहे म्हणे. आपण किती नशीबवान!"

मुलगा-सून परदेशातून येऊन गेले की हे वाक्य माझ्या दवाखान्यात हमखास ऐकू येतं. आता तर ते औषधांच्या किमतीबद्दल कुणी तक्रार केली की त्याचं तोंड बंद करायलाही वापरलं जातं. भारतात औषधं जगात सर्वांत स्वस्त, मग रडता कशाला? या वाक्याशी माझं भांडण आहे. का, ते सांगतो.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काम करणारे एक पेशंट माझ्याकडे येतात. परवा त्यांचं बीपी १८०/११० निघालं. गोळी घेता का विचारलं, तर म्हणाले, "एक दिवसाआड घेतो. पट्टी पुरवायला लागते, डॉक्टर." यांचं बीपी, बायकोची शुगर, आईचा दमा. घरातल्या औषधांना महिन्याला अडीच हजार जातात आणि हजेरी पाचशे रुपये. म्हणजे महिन्यातले पाच दिवस हा माणूस फक्त मेडिकलच्या दुकानासाठी भट्टीपुढं उभा राहतो. त्यांना अमेरिकेतला भाव सांगून काय होणार? एक दिवसाआड घेतलेली बीपीची गोळी म्हणजे पक्षाघाताला दिलेलं आमंत्रण, मग ती गोळी जगात कितीही स्वस्त असो.

आधी तुलना तरी सरळ करा

वीस-बावीस हजाराची ती बाटली नवीन प्रकारच्या, म्हणजे अॅनालॉग इन्सुलिनची. तीही छापील किमतीत आणि काही वर्षांपूर्वीची. २०२३ मध्ये तिथल्या मोठ्या कंपन्यांनी त्यांच्या मुख्य इन्सुलिनच्या छापील किमती ७० टक्के किंवा त्याहूनही जास्त उतरवत असल्याचं जाहीर केलं. शिवाय त्या बाटलीत १००० युनिट असतात. आपल्याकडची नेहमीची १० मिलिची ह्यूमन इन्सुलिनची बाटली ४०० युनिटची. बाटलीला बाटली लावली की हिशेब तिथंच चुकतो.

हा फरक जिवाशी खेळणारा आहे, म्हणून इथं थोडा थांबतो. आपल्या बाटलीत एका मिलिला ४० युनिट, तिकडच्या बाटलीत १००. सिरिंजही वेगळ्या: आपल्याकडं ४० साठी लाल टोपणाची, १०० साठी केशरी टोपणाची. मुलाने आणलेलं १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने घेतलं, तर अडीचपट डोस जातो. शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो.

आता भाव पाहू. रोज ४० युनिट लागणाऱ्या माणसाला महिन्याला १२०० युनिट, म्हणजे आपल्या ३ बाटल्या लागतात. एक बाटली साधारण दीडशे ते पावणेदोनशे रुपये धरा. महिन्याचे पाचशेच्या आसपास, म्हणजे एक पूर्ण हजेरी. सिरिंज आणि शुगर तपासायच्या पट्ट्या वेगळ्या. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या, सरकारी मेडिकेअर विमा असलेल्या माणसाला २०२३ पासून एका प्रकारच्या इन्सुलिनला महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर द्यावे लागतात. तिथलं केंद्राचं किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. म्हणजे पाच तासांपेक्षा कमी काम. इंग्लंडमध्ये मधुमेहाची औषधं घेणाऱ्याला प्रिस्क्रिप्शनचा आकारच माफ आहे. त्याला इन्सुलिन फुकट.

डॉलरला रुपयाने गुणलं तर आपण स्वस्त. हजेरीने भागलं तर तो 'महागडा' देशच काही जणांना स्वस्त पडतो. विमा नसलेल्या अमेरिकन माणसाचे हाल वेगळे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या हालांवरून आपण आपलं समाधान करून घ्यायचं का?

खरा प्रश्न लेबलवरच्या किमतीचा नसून पैसे कुणाच्या खिशातून जातात याचा आहे. सरकारच्याच २०२१-२२ च्या हिशेबाप्रमाणे देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. अमेरिकेत हे प्रमाण ११ टक्क्यांच्या आसपास आहे.

जे चांगलं झालं, ते आपोआप झालं नाही

आपल्याकडं औषधं स्वस्त झाली ती नशिबाने नव्हे, कायद्याने. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर मक्तेदारी दिली नाही, म्हणून आपल्या कंपन्या तेच औषध दुसऱ्या पद्धतीने बनवू शकल्या. २००५ मध्ये नियम बदलले, तरी जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट घेता येणार नाही हे कलम घातलं गेलं. त्याच्याच आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या ग्लिव्हेकचं पेटंट नाकारलं. २०१२ मध्ये नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधाचा सक्तीचा परवाना दुसऱ्या कंपनीला दिला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपयांवरून ८,८०० वर आला. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधी स्टेंटला २९,६०० ची मर्यादा घातली. त्याआधी तो लाख-सव्वा लाखाला लावला जायचा.

म्हणजे किंमत खाली आणता येते. मग सगळ्यांची का आणत नाहीत? १९९५ च्या आदेशात औषधाची कमाल किंमत उत्पादनखर्चावरून ठरत असे. २०१३ पासून ती बाजारात १ टक्का किंवा जास्त वाटा असलेल्या ब्रँडच्या भावांची सरासरी काढून, वर विक्रेत्याचे १६ टक्के धरून ठरते. महाग ब्रँडच जास्त खपत असतील तर सरासरीही महागच येणार. आणि यादीबाहेरच्या औषधांची किंमत कंपनी दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते.

आम्ही डॉक्टरही यात आहोत

बीपीची टेल्मिसार्टन ४० ची दहा गोळ्यांची पट्टी जनऔषधी केंद्रात वीस रुपयांच्या आत मिळते. तीच ब्रँडची घेतली तर साठ-सत्तर रुपये. २०२३ मध्ये जेनेरिक नावानेच औषध लिहायचा नियम आला आणि डॉक्टरांच्या विरोधानंतर त्याच महिन्यात स्थगित झाला. गुणवत्तेची खात्री कोण देणार, हा आमचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्यावर उपाय म्हणजे जास्त तपासण्या आणि त्यांचे निकाल जाहीर करणं. पेशंटला चौपट पैसे भरायला लावणं हा उपाय नव्हे. हे मी माझ्याच व्यवसायबंधूंना सांगतो आहे आणि स्वतःलाही.

तुम्ही एवढं करा

- औषध परवडत नसेल तर गोळी अर्धी किंवा दिवसाआड करू नका. डॉक्टरांना तोंडावर सांगा. त्यात लाज कसली?
- प्रत्येक औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि तेच मूळ नाव, तीच ताकद जनऔषधी केंद्रात विचारा.
- सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात कोणती औषधं मोफत मिळतात, ते आधी विचारा.
- परदेशातून आलेल्या बाटल्या दाखवल्याशिवाय घेऊ नका. तिकडचं टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉलच. दोन्ही मिळून डोस दुप्पट होतो आणि यकृताला इजा होऊ शकते.

आणि पुढच्या वेळी कुणी "आपल्याकडं किती स्वस्त" म्हणालं, तर एकच विचारा: किती दिवसांच्या हजेरीला?